तारांकित चेंडू आत, फलंदाज बाहेर

न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं एक लहानसं गाव आहे. अमेरिकेच्या बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानाचं संग्रहालय, तिथे आहे आणि त्याच्या संग्रहात एक जखमी चेंडू आहे. ७ ऑगस्ट २००७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात बॅरी बॉण्ड्स या फलंदाजाने तो बॅटने प्रेक्षकांत भिरकावला होता. तो त्याचा ७५६ वा होम रन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार. हँक ॲरनचा ७५५ चा विक्रम त्या फटक्याने मोडला. पुढे कपड्यांच्या व्यवसायातल्या मार्क एको यांनी हा चेंडू लिलावात ७,५२,४६७ डॉलर मोजून घेतला, त्याचं काय करावं असा कौल इंटरनेटवर मागितला आणि कौल पडला तसं त्याच्या चामड्यात तारांकन कोरून तो कूपर्सटाउनला देऊन टाकला. तारांकन म्हणजे आकड्याशेजारी छापतात ती चांदणी. खाली टीप आहे, ती वाचल्याशिवाय हा आकडा खरा मानू नका, असं ती सांगते.

चेंडू आत गेला. ज्याने तो मारला तो माणूस आजही बाहेर आहे. डिसेंबर २०२५ मध्ये, वार्ताहरांच्या मतदानात राहून गेलेल्यांचा फेरविचार करणाऱ्या सोळा जणांच्या समितीपुढे बॉण्ड्सचं नाव पुन्हा आलं आणि त्याला पाच मतंसुद्धा पडली नाहीत. त्याच बैठकीत जेफ केंट चौदा मतांनी निवडून आला. केंट सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये कित्येक वर्षं बॉण्ड्सच्या बरोबरीने खेळलेला.

बॉण्ड्सला आत घ्यायला हवं, असं माझं मत आहे. तो निष्पाप आहे असं मी म्हणत नाही. त्याच्या अंगात उत्तेजकं गेली, आणि ती त्याच्या नकळत गेली या त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. पण संघांचे मालक, खेळाचा कारभार पाहणारे आयुक्त, खेळाडूंची संघटना, वार्ताहर आणि आम्ही तिकिटं काढून बसणारे, अशा सगळ्यांनी मिळून जे दहा-पंधरा वर्षं चालू दिलं, त्याचा सगळा हिशेब दोन-चार फलंदाजांच्या नावावर मांडायचा आणि बाकीच्यांनी सन्मानाने आत जाऊन बसायचं, हा न्याय मला मान्य नाही.

मी २००० साली नोकरीसाठी सनीव्हेलला आले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्सचं खाडीकाठचं नवं मैदान सुरू झालं. कॅलट्रेनच्या शेवटच्या स्टेशनावर उतरलं की थोडंसं चालायचं, की समोर मैदान. उजवीकडच्या भिंतीपलीकडे सरळ पाणीच. बॉण्ड्स डावखुरा, त्यामुळे त्याचे फटके त्या भिंतीवरून पाण्यात जायचे आणि ते टिपायला लोक लहान लहान होड्या घेऊन खाडीत तिष्ठत राहायचे. असे पस्तीस होम रन त्याने पाण्यात मारले.

२००४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून आले. बाबा शाळामास्तर, रेडिओवरच्या समालोचनावर पोसलेले. बेसबॉलमधला षटकार कसा असतो ते दाखवायला मी त्यांना घेऊन गेले. दिसलं ते वेगळंच. बॉण्ड्स खेळायला आला की कॅचर, म्हणजे यांचा यष्टिरक्षक, उठून उभा राही, एका बाजूला हात लांब करी आणि पिचर, म्हणजे गोलंदाज, चार चेंडू बॅटच्या टप्प्याबाहेर अलगद टाकून देई. असे चार ‘बॉल’ झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला ‘वॉक’ म्हणतात. मैदान हुर्यो करून दणाणून गेलं. वरच्या कठड्याला लोकांनी रबरी कोंबड्या टांगल्या होत्या, कारण इंग्रजीत भित्र्या माणसाला कोंबडी म्हणतात. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बाबा म्हणाले, “अगं, याला खेळूच देणार नाहीत का?”

खरोखरच खेळू देत नव्हते. त्या हंगामात तो ६१७ वेळा फलंदाजीला आला. त्यातल्या २३२ वेळा त्याला वॉक मिळाला आणि १२० वेळा तो उघडउघड हेतुपुरस्सर दिलेला होता. बॉण्ड्सच्या आधी हेतुपुरस्सर वॉकचा एका हंगामातला विक्रम होता ४५, विली मॅक्कोव्हीचा, १९६९ मधला. एकूण ३७६ वेळा तो बेसवर पोहोचला, म्हणजे दर दहा खेपांत सहा वेळा त्याला बाद करता आलं नाही. होम रन ४५ आणि स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न लागता बाद होणं, अवघे ४१. जोरकस फटके मारणाऱ्यांचे स्ट्राइकआउट होम रनच्या दुप्पट-तिप्पट असतात, तीन स्टंप सोडून आडवी बॅट फिरवणाऱ्याचं होतं तसं. बॉण्ड्सच्या बॅटला तो धसमुसळेपणाच नव्हता. बॅट आखूड धरायची, चेंडू अगदी उशिरापर्यंत पाहायचा, आणि आवडला नाही तर खांदासुद्धा हलवायचा नाही. ही नजर उत्तेजकाच्या कुठल्याही मलमातून येत नाही.

आणि ही भीती २००४ च्याही आधीची. २८ मे १९९८ रोजी ॲरिझोनाचा संघ ८-६ असा पुढे होता. शेवटचा डाव, दोन बाद आणि तिन्ही बेसवर जायंट्सचे खेळाडू. समोर बॉण्ड्स. ॲरिझोनाचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी त्याला हेतुपुरस्सर वॉक द्यायला सांगितलं. म्हणजे समोरच्या संघाला एक धाव हातात काढून दिली, पण बॉण्ड्सला चेंडू टाकला नाही. पुढचा फलंदाज बाद झाला आणि ॲरिझोना ८-७ ने जिंकलं. एका माणसाच्या धाकाचं याहून स्पष्ट मोजमाप मला माहीत नाही.

ही तारीख मी मुद्दाम सांगते आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पत्रकारांनी पुढे जे खणून काढलं त्यानुसार बॉण्ड्स उत्तेजकांकडे वळला तो १९९८ चा हंगाम संपल्यावर. तोवर त्याच्या खात्यात काय होतं? ४११ होम रन, ४४५ चोरलेले (म्हणजे फटका नसताना पळून गाठलेले) बेस, तीन वेळा सर्वोत्तम खेळाडूचा किताब आणि लेफ्ट फिल्डमधल्या क्षेत्ररक्षणासाठी आठ गोल्ड ग्लोव्ह. ४०० होम रन आणि ४०० चोरलेले बेस असा जोड त्याच्याआधी कुणालाही जमला नव्हता. त्या दिवशी त्याने बूट खुंटीला टांगले असते तरी कूपर्सटाउनचं दार त्याला उघडावंच लागलं असतं. एका हंगामातल्या ७३ होम रनचा विक्रम आला २००१ मध्ये, ७५६ वा २००७ मध्ये, आणि कारकीर्द ७६२ वर थांबली. म्हणजे वाद ज्याच्याबद्दल आहे तो उत्तरार्ध. शिक्षा मात्र सगळ्या आयुष्याला.

बेसबॉल त्याच्या घरातच होतं. वडील बॉबी बॉण्ड्स जायंट्सचे आउटफिल्डर, ३३२ होम रन आणि ४६१ चोरलेले बेस त्यांच्या नावावर. धर्मपिता विली मेज, ६६० होम रनवाले. मुलगा पिट्सबर्गकडून १९८६ मध्ये खेळू लागला. १९९२ च्या उपान्त्य मालिकेतला त्याचा शेवटचा थ्रो होम प्लेटवर किंचित उशिरा पोहोचला, पिट्सबर्ग हरलं, आणि डिसेंबरात तो सहा वर्षांच्या ४ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरच्या करारावर वडिलांच्या जुन्या संघात आला. स्वभावाने तो तुटक होता, वार्ताहरांशी फटकून वागायचा. पुढे मतं देणारे तेच वार्ताहर होते.

आता उत्तेजकांच्या काळाविषयी. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंनी संप पुकारला, हंगाम अर्ध्यावर बंद पडला आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, झाली नाही. लोक चिडले. पुढच्या वर्षी मैदानं रिकामी दिसू लागली. मग १९९८ चा उन्हाळा आला. सेंट लुइसचा मार्क मॅग्वायर आणि शिकागोचा सॅमी सोसा हे दोघे रॉजर मॅरिसच्या १९६१ मधल्या ६१ होम रनचा पाठलाग करू लागले. एकाने ७० मारले, दुसऱ्याने ६६. रोज रात्री बातम्यांत दोघांचा आकडा. त्या दोघांनी बेसबॉल वाचवलं असं जो तो म्हणू लागला, आयुक्त बड सेलिगसुद्धा आनंदात होते.

त्याच ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर स्टीव्ह विल्स्टीन यांनी मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या गोळ्यांची बाटली पाहिली आणि तसं लिहिलं. ते औषध तेव्हा अमेरिकेत दुकानात मोकळं मिळत होतं. ऑलिम्पिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये नव्हती. प्रश्न उभा राहायला हवा होता तो औषधाबद्दल. राग निघाला तो वार्ताहरावर. सेंट लुइसचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी त्या वृत्तसंस्थेला खेळाडूंच्या खोलीत येऊच देऊ नये अशी भाषा केली. बाकीच्या वार्ताहरांतल्याही अनेकांनी विल्स्टीनलाच बोल लावले. ला रूसा आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत, २०१४ पासून.

स्टेरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेणं हा अमेरिकेत १९९० पासूनच गुन्हा होता. १९९१ मध्ये तेव्हाचे आयुक्त फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या संघांना पत्र पाठवून बेसबॉलमध्येही ते चालणार नाही असं कळवलं होतं. बॉण्ड्सच्या बाजूने बोलताना लोक हे विसरतात, आणि मला ते विसरायचं नाही. ते चूक आहे हे खेळाडूंना ठाऊक होतं. पण पत्र पाठवलं, चाचणी नाही. पहिली चाचणी २००३ मध्ये झाली, तीही निनावी, फक्त अंदाज घेण्यासाठी. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढे सक्तीची चाचणी सुरू करायची, असं मालक आणि खेळाडूंच्या संघटनेचं ठरलं होतं. ते पाचाच्या वर गेले. २००४ मध्ये सक्तीची चाचणी आली, पहिल्याच दोषाला खेळण्यास बंदी २००५ पासून. एवढा उशीर का झाला? संघटनेला खेळाडूंच्या खासगीपणावर घाला नको होता, आणि मालकांनी त्यासाठी भांडण उकरून काढलं नाही, कारण होम रनने मैदानं भरत होती. सेलिग यांच्या कारकिर्दीत बेसबॉलचं वार्षिक उत्पन्न सुमारे १.२ अब्ज डॉलरवरून सुमारे ९ अब्जांवर गेलं.

सप्टेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्लिंगेममधल्या बाल्को नावाच्या प्रयोगशाळेवर सरकारी छापा पडला. तिथून चाचणीत न सापडणारं एक स्टेरॉइड खेळाडूंना पुरवलं जात होतं. जिभेखाली सोडायचा द्रव आणि अंगाला चोळायचं मलम. सिडनी ऑलिम्पिकची पदकं परत करावी लागलेली धावपटू मेरियन जोन्स याच प्रकरणातली. बॉण्ड्सने ग्रँड ज्यूरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे) सांगितलं, की आपल्या प्रशिक्षकाने दिलेलं ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम आहे अशी आपली समजूत होती. प्रशिक्षक ग्रेग अँडरसन त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला नाही आणि त्यासाठी तुरुंगात राहिला. बॉण्ड्सवर २००७ मध्ये खोट्या साक्षीचा खटला उभा राहिला. २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याच्या एका कलमाखाली तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तेही रद्द झालं. बेसबॉलने त्याला उत्तेजकांसाठी एका सामन्याचीही बंदी कधी घातली नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातली कळीची जागा ही आहे. पृथ्वी शॉची गोष्ट आपल्याला आठवत असेल. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधात असणारा बंदी घातलेला घटक त्याच्या नमुन्यात सापडला. भारतीय क्रिकेट मंडळाने आठ महिन्यांची बंदी घातली, ती नोव्हेंबरात संपली, आणि तो मुंबईकडून पुन्हा खेळायला उतरला. नियम आधी सांगितलेला, चाचणी झालेली, शिक्षा ठरलेली आणि शिक्षेला शेवट. (त्याच ऑगस्टमध्ये क्रिकेट मंडळ राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या कक्षेत यायला तयार झालं, तोवर आपलं क्रिकेटही स्वतःची चाचणी स्वतःच करत होतं.) बॉण्ड्सच्या बाबतीत नियम सांगितलेला होता, पण त्यापुढची एकही पायरी त्या काळात झाली नाही. नियम ज्यांनी राबवायचा त्यांनी तो राबवला नाही, आणि माणूस निवृत्त झाल्यावर वार्ताहरांच्या मतपत्रिकेतून शिक्षा दिली, जिला मुदत नाही आणि अपील नाही.

म्हणून मी एक रेषा ओढते. सक्तीची चाचणी आणि बंदी सुरू झाल्यानंतरही जे सापडले त्यांचा प्रश्न वेगळा. मॅनी रामिरेझवर दोनदा बंदी आली, ॲलेक्स रॉड्रिग्ज २०१४ चा पूर्ण हंगाम बाहेर बसला. परिणाम माहीत असताना त्यांनी ते केलं. त्यांना आत घ्यायला माझा आग्रह नाही. बॉण्ड्स आणि पिचर रॉजर क्लेमेन्स या रेषेच्या अलीकडचे आहेत.

आता दाराशी उभे असणाऱ्यांकडे वळू. दहा वर्षं सभासद असलेल्या बेसबॉल वार्ताहरांना मत असतं, निवडीला ७५ टक्के लागतात आणि दहा वर्षं नाव मतपत्रिकेवर राहू शकतं. बॉण्ड्सला पहिल्या वर्षी, २०१३ मध्ये, ३६.२ टक्के मिळाले आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६. मतदानाचा नियम सांगतो, की खेळाबरोबर सचोटी, खिलाडूपणा आणि चारित्र्यही पाहा. हा निकष मला अजिबात गैर वाटत नाही. तो सगळ्यांना लावला असता तर मी हा लेख लिहिलाच नसता.

गेलॉर्ड पेरी १९९१ मध्ये आत गेला. चेंडूला थुंकी किंवा ग्रीस लावून टाकणं १९२० पासून निषिद्ध आहे, आणि आपण ते केलं हे पेरीने खेळत असतानाच छापून सांगितलं होतं. केनेसॉ माउंटन लँडिस हे पहिले आयुक्त. १९२० ते १९४४ या त्यांच्या काळात एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, पाऊल ठेवता आलं नाही. तेही आत आहेत. इतकंच नव्हे, सर्वोत्तम खेळाडूच्या किताबाच्या सन्मानचिन्हावर २०२० पर्यंत लँडिस यांचं नाव असे. बॉण्ड्सने तो किताब सात वेळा मिळवला. एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या घरात लँडिसच्या नावाची सात सन्मानचिन्हं, आणि चारित्र्याच्या कसोटीवर लँडिस आत, तो बाहेर. हे लिहितानाही मला अस्वस्थ वाटतं.

याचा अर्थ त्याला कातडीच्या रंगामुळे डावललं, असं मी म्हणणार नाही. मॅग्वायर आणि क्लेमेन्स गोरे आहेत आणि तेही बाहेरच आहेत. मात्र ज्या वर्षी बॉण्ड्सची मुदत संपली त्याच वर्षी डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच खेपेला ७७.९ टक्क्यांनी निवडून आला. २००३ च्या निनावी चाचणीच्या यादीत त्याचं नाव असल्याची बातमी २००९ मध्ये आली होती. आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी पुढे सांगितलं, की त्या यादीतल्या काही निकालांवर शास्त्रीय शंका होती, त्यामुळे त्यावरून कुणाला दोषी धरू नये. मला हे पटतं. ऑर्टिझला संशयाचा फायदा मिळाला ते योग्य झालं. पण तो हसतमुख आणि सगळ्यांचा लाडका होता, हेही त्या मतांच्या मागे नव्हतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

सगळ्यात मला सलतं ते बड सेलिग यांचं. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांची निवड झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची पाटी भिंतीवर लागली. ४ ऑगस्ट २००७ ला सॅन डिएगोत बॉण्ड्सने ७५५ वा होम रन मारून ॲरनची बरोबरी केली तेव्हा सेलिग मैदानात होते. सगळं स्टेडियम उभं राहिलं, तेही राहिले, खिशात हात घालून. ॲरन त्यांचे जुने मित्र, त्यामुळे ते दुःख खोटं नसेल. पण जवळजवळ पंधरा वर्षं खेळाच्या चाव्या ज्यांच्या हातात होत्या, त्यांनी खिशात हात घालून उभं राहावं, आणि फलंदाजाने एकट्याने लाज वाहावी? सेलिग यांची निवड झाली त्या मोसमातच बॉण्ड्सची टक्केवारी पहिल्यांदा पन्नाशीच्या वर गेली. आयुक्त आत असेल तर खेळाडूला कोणत्या तोंडाने अडवायचं, असं अनेक वार्ताहरांनी तेव्हा उघडपणे म्हटलं.

विरुद्ध बाजूचं जे म्हणणं मला झोपू देत नाही ते वेगळं आहे. फ्रेड मॅकग्रिफ नावाचा फलंदाज होता. ४९३ होम रन, कुणी कधी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. सत्तर-सत्तर होम रनच्या गदारोळात त्याचे वर्षाला तीस-पस्तीस फिके दिसू लागले, आणि वार्ताहरांनी दहा वर्षांत त्याला चाळीस टक्क्यांपर्यंतही नेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समितीने सोळापैकी सोळा मतं देऊन ही चूक दुरुस्त केली. त्याच बैठकीत बॉण्ड्सला चारही मिळाली नव्हती. मॅकग्रिफ निदान आत पोहोचला. जे खालच्या लीगमध्येच राहिले, सुई टोचून घेतली नाही म्हणून ज्यांच्या जागी दुसरा कुणी वर गेला, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. त्यांना काय सांगायचं?

आणि टेक्सासमधल्या सतरा वर्षांच्या त्या मुलाच्या वडिलांना काय सांगायचं? शाळेच्या संघात खेळणारा मुलगा. स्टेरॉइड घेऊ लागला आणि २००३ मध्ये त्याने आत्महत्या केली. मार्च २००५ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे वडिलांनी आपल्या मुलाची गोष्ट सांगितली. त्याच दिवशी, त्याच समितीपुढे मॅग्वायर म्हणाला, की आपण भूतकाळाबद्दल बोलायला आलेलो नाही.

या दोन प्रश्नांपुढे मी बॉण्ड्सच्या नजरेचं आणि मनगटाचं कौतुक पुढे करू शकत नाही. मी एवढंच विचारते, की त्याला बाहेर ठेवल्याने त्या वडिलांना काय मिळालं? त्या खाली राहून गेलेल्या खेळाडूंना काय मिळालं? भिंतीवर सेलिग आहेत, ला रूसा आहेत, आणि ज्यांच्या नावाने तो सगळा काळ ओळखला जातो त्यांची जागा रिकामी आहे. कूपर्सटाउनला आलेल्या दहा वर्षांच्या पोराने आईला विचारलं, की सगळ्यात जास्त होम रन कुणाचे आणि त्याची पाटी कुठे आहे, तर ती काय उत्तर देणार? त्या पाटीवर खरं लिहिलेलं असेल, तर तिथे उभं राहून सुईबद्दल, लोभाबद्दल आणि मोठ्या माणसांनी फिरवलेल्या नजरेबद्दल पोराशी बोलता येईल. रिकाम्या भिंतीपुढे ती काही बोलणार नाही, दोघं पुढच्या दालनात जातील.

ॲरनचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात ७१५ वा होम रन मारून त्यांनी बेब रूथला मागे टाकलं. त्याआधीचे कित्येक महिने त्यांना पत्रं येत होती. एक काळा माणूस गोऱ्याचा विक्रम मोडतो म्हणून जिवे मारण्याच्या धमक्या, घरच्यांना पळवून नेण्याच्या धमक्या. अंगरक्षक घेऊन त्यांनी तो विक्रम केला. अशा माणसाचा आकडा मलमाच्या बळावर मागे पडावा याचा राग ज्यांना येतो, त्यांचा राग मला समजतो. मलाही अजून ७५५ हाच आकडा अधिक जवळचा वाटतो. पण २००७ च्या त्या रात्री बॉण्ड्सने चेंडू भिरकावल्यावर मैदानातल्या मोठ्या पडद्यावर ॲरन आले. त्यांनी आधीच ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवलेलं अभिनंदन होतं ते, कौशल्याचा, चिकाटीचा आणि दीर्घ कारकिर्दीचा उल्लेख करणारं. मी तेव्हा घरी टीव्हीपुढे होते. इतकी वर्षं झाली, पण ॲरन यांनी त्या क्षणी दाखवलेली उंची त्यांच्या नावाने भांडणाऱ्यांना गाठता आलेली नाही, असं मला वाटत राहतं.

तारांकनाचीही एक गोष्ट आहे. १९६१ मध्ये मॅरिस बेब रूथच्या ६० होम रनजवळ पोहोचला. हंगाम त्या वर्षी १५४ सामन्यांवरून १६२ चा झाला होता. तेव्हाचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी जाहीर केलं, की १५४ सामन्यांनंतर मोडलेला विक्रम वेगळा नोंदवला जाईल. फ्रिक पूर्वी वार्ताहर होते आणि रूथच्या नावाने लेख लिहून देत असत. छापील चांदणी मॅरिसच्या नावापुढे कधी लागलीच नाही. दोन विक्रम शेजारी शेजारी नोंदले गेले एवढंच. पण लोकांच्या तोंडी ती बसली आणि त्या माणसाला आयुष्यभर चिकटली. १९९१ मध्ये एका समितीने तो भेद काढून टाकला. मॅरिस १९८५ मध्येच कॅन्सरने गेला होता.

समितीच्या नव्या नियमानुसार पाचापेक्षा कमी मतं मिळालेल्याचं नाव पुढच्या खेपेला येत नाही. म्हणजे २०२८ ची बैठक बॉण्ड्सशिवाय होईल. डिसेंबर २०३१ मध्ये नाव येऊ शकतं, तेव्हा तो ६७ वर्षांचा असेल. त्या वेळीही पाचांहून कमी मतं पडली तर दार कायमचं बंद.

पाटीवर काय लिहायचं, असं विचारणाऱ्यांना मी जॅकी रॉबिन्सनची पाटी दाखवेन. १९४७ मध्ये मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत त्याने पाडली, पण १९६२ मध्ये लागलेल्या त्याच्या पाटीवर त्याचा शब्दही नव्हता, फक्त खेळाचे आकडे होते. २००८ मध्ये हॉल ऑफ फेमने ती उतरवून नवी लावली, त्यावर तो इतिहास लिहिला. म्हणजे पाट्यांवर सत्य मावतं आणि उशिरा का होईना, ते लिहिता येतं.

बॉण्ड्सची पाटी मला लिहायला दिली तर मी अशी लिहीन:

‘बॅरी बॉण्ड्स, लेफ्ट फिल्डर. पिट्सबर्ग १९८६ ते १९९२, सॅन फ्रान्सिस्को १९९३ ते २००७. होम रन ७६२, चोरलेले बेस ५१४, वॉक २,५५८. सात वेळा सर्वोत्तम खेळाडू. त्याला चेंडू टाकायला संघ घाबरत. कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याने बंदी असलेली उत्तेजकं वापरली, असा गंभीर आरोप आहे. ती घेतली गेल्याचं त्याने मान्य केलं, जाणूनबुजून घेतल्याचं नाकारलं. २००३ पर्यंत बेसबॉलमध्ये त्यांची चाचणी होत नव्हती. त्या काळातले आयुक्त बड सेलिग यांची पाटी याच दालनात आहे.’